ओढ्याचा गाळ उगमापाशींच अडवावा

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला कीं औंढ्याच्या शिवारांतील ओढे दोन घटकांत आपला रंग बदलतात. उन्हाळाभर कोरडें पडलेलें खडकाळ पात्र तांबूस-तपकिरी पाण्यानें भरून वाहूं लागतें, आणि काठावरचा शेतकरी त्याकडे पाहून समाधानानें म्हणतो कीं, पाणी आलें. पाणी आलें हें खरें. परंतु त्याच पाण्याबरोबर कांहीं तरी गेलें, हें फारसें कोणी म्हणत नाहीं. जें गेलें तें आपल्याच शेताचें, आपल्याच माळाचें आणि आपल्याच डोंगराचें अंग होतें. तें परत येत नाहीं. गढूळ पाण्याचा हा विषय दरवर्षी डोळ्यांसमोर घडत असल्यामुळेंच आपण त्याचा विचार करीत नाहीं. तो आमच्या वाचकांपुढें नीट मांडावा आणि त्यासंबंधीं आमचें मत स्पष्टपणें सांगावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

औंढे हा गांव मावळांत, लोणावळ्यानजीक इंद्रायणीच्या खोऱ्यांत वसलेला आहे. घाटमाथ्यावरील लोणावळ्यास वर्षाकांठीं सरासरी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सुमारें साठ किलोमीटरांवर असलेल्या पुण्यास जेमतेम ७०० मिलिमीटर पडतो. एवढा पाऊस चार महिन्यांत, आणि त्यांतीलही मोठा भाग थोड्याच दिवसांत, उभ्या उतारावर कोसळतो. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी हें सर्व पाणी गोळा करीत देहू व आळंदी या क्षेत्रांवरून जाते आणि तुळापुरास भीमेस मिळते. भीमा पुढें उजनीच्या जलाशयांत शिरते. तें धरण १९८० सालीं पुरें झालें. म्हणजे आज औंढ्याच्या खाचरांतून निसटलेला मातीचा बारीक कण वाटेंत कोठें थांबला नाहीं, तर तो सोलापूर जिल्ह्यांतील धरणाच्या तळाशीं जाऊन बसतो. इतका दूरचा प्रवास तो कसा करतो, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. कारण वाहून नेण्याची रीत कळली म्हणजेच अडविण्याची जागा कळते.

वाहतें पाणी जमिनीचा अंश तीन प्रकारांनीं नेतें. मोठे गोटे व खडे तें तळाशीं ढकलीत व लोळवीत नेतें. पुराच्या वेळीं ओढ्यांतून जो खडखडाट ऐकूं येतो तो याच गोट्यांचा. दुसरा प्रकार जाड वाळूचा. ती तळावरून उड्या मारीत जाते. क्षणभर उचलली जाते, पुन्हां पडते, पुन्हां उचलली जाते. तिसरा प्रकार म्हणजे बारीक वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचा. हे कण तळास न लागतां पाण्याच्या अंगांतच तरंगत जातात आणि पाण्यास जो गढूळपणा येतो तो यांच्यामुळें. आमच्या प्रस्तुत लेखाचा विषय हाच तरंगता गाळ होय.

आतां असा प्रश्न येतो कीं, माती पाण्याहून अडीच पटींहून अधिक जड असतां ती तरंगते कशी? याचें उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट अशी कीं, कण जितका बारीक तितका तो पाण्यांत सावकाश खालीं बसतो, आणि हा सावकाशपणा कणाच्या आकाराच्या मानानें फार झपाट्यानें वाढतो. जॉर्ज स्टोक्स या गणितज्ञानें १८५१ सालीं जो नियम मांडला त्याप्रमाणें बारीक कणाचा व्यास निम्मा झाला तर त्याचा बसण्याचा वेग चौथाईवर येतो. एक मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण स्थिर पाण्यांत एक मीटर खोल जाण्यास दहा सेकंदही घेत नाहीं. ०.०५ मिलिमीटरांच्या कणास सात-आठ मिनिटें लागतात. ०.०२ मिलिमीटरांच्या पोयट्याच्या कणास सुमारें पाऊण तास लागतो. आणि ०.००२ मिलिमीटरांच्या चिकणमातीच्या कणास तेवढेंच अंतर खालीं जाण्यास तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. त्याहूनही बारीक कणांची तर गोष्टच नको.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याची खळबळ. ओढ्याचें पाणी सरळ एका दिशेनें जात असतें असें वरून वाटलें तरी तें तसें जात नाहीं. तळाच्या दगडधोंड्यांवर आपटून, काठांस घासून त्यांत लहानमोठे भोवरे सारखे उठत असतात. कांहीं पाणी खालीं जातें व तितकेंच वर येतें. वर येणाऱ्या पाण्याचा जोर कणाच्या बसण्याच्या वेगाहून अधिक असेल तोंपर्यंत कण खालीं बसूं शकत नाहीं. चिकणमातीचा कण एका सेकंदांत मिलिमीटराचा शंभरावा हिस्साही खालीं जात नसतां त्यास वर उचलून धरण्यास किती थोडी खळबळ पुरते, याची कल्पना वाचकांनींच करावी. यामुळें चिकणमाती ओढ्याच्या पाण्यांत वरपासून तळापर्यंत जवळजवळ सारखी मिसळलेली असते. वाळूचा भाग मात्र तळाजवळ दाट आणि वर विरळ असतो. वरवर भरून घेतलेलें तांब्याभर पाणी पाहून ओढा किती माती नेत आहे याचा पुरता अंदाज येत नाहीं, त्याचें कारण हेंच.

आपल्या घरांतील स्त्रियांस हें शास्त्र पूर्वीपासून ठाऊक आहे. गढूळ पाणी माठांत रात्रभर निवळत ठेवावयाचें, त्यांत निवळीचें बीं उगाळून घालावयाचें किंवा तुरटी फिरवावयाची, ही जुनी रीत आहे. तुरटीमुळें बारीक कण एकमेकांस चिकटतात, त्यांचे मोठे पुंजके होतात आणि ते लवकर खालीं बसतात. स्वस्थपणा आणि वेळ मिळाला कीं पाणी माती सोडतें, हा माठाचा धडा शेतास लावावयाचा आहे.

या विषयांतील आणखी एक नियम शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ फिलिप युलस्ट्रॉम यांनीं फ्यूरिस नदीचा अभ्यास करून १९३५ सालीं असें दाखविलें कीं, जमिनीपासून कण उखडण्यास पाण्याचा जो वेग लागतो तो, आणि उखडलेला कण वाहता ठेवण्यास जो वेग लागतो तो, हे दोन्ही एक नव्हेत. वाळूच्या बाबतींत या दोहोंत अंतर थोडें असतें. चिकणमातीच्या बाबतींत तें प्रचंड असतें. चिकणमातीचे कण एकमेकांस घट्ट धरून बसलेले असतात, म्हणून ते उखडण्यास जोराचा प्रवाह किंवा पावसाच्या थेंबाचा मारा लागतो. परंतु एकदां ते सुटले कीं मंद वाहणारें पाणीदेखील त्यांस खालीं बसूं देत नाहीं. याचा व्यवहारांतील अर्थ उघड आहे. माती जागेवर धरून ठेवणें सोपें आहे. सुटलेली माती ओढ्यांत धरणें अतिशय कठीण आहे. आणि नदींत गेलेली माती धरणें हें जवळजवळ अशक्य आहे. आमच्या सर्व प्रतिपादनाचा पाया हा एकच नियम होय.

आतां ही माती केव्हां जाते तें पाहूं. ओढ्याचा ओघ दुप्पट झाला तर त्यांतून जाणारा गाळ दुपटीवर थांबत नाहीं. तो पुष्कळदां चौपट किंवा त्याहूनही अधिक होतो. यामुळें वर्षभराच्या गाळाचा मोठा हिस्सा मोजक्या पुरांच्या दिवसांत निघून जातो. त्यांतही पूर चढत असतांना पाणी जितकें गढूळ असतें तितकें तो ओसरतांना बहुधा नसतें. आणि हंगामाच्या आरंभीं जितकें गढूळ असतें तितकें तें श्रावणांत, गवत वाढल्यावर, नसतें. ज्येष्ठ-आषाढांत जमीन उघडी असते. उन्हानें भुसभुशीत झालेली, गुरांच्या खुरांनीं मोडलेली, नांगरलेली, राबाकरितां भाजलेली ती माती पहिल्या पावसाची वाटच पाहत असते. म्हणून गाळ अडविण्याचीं कामें पावसाळ्याच्या आधीं पुरीं झालेलीं असलीं पाहिजेत. आषाढांत सुरू केलेला बांध म्हणजे घोडें गेल्यावर तबेल्यास लावलेलें कुलूपच होय.

हिशोब मांडला म्हणजे या गोष्टीचें गांभीर्य अधिक कळतें. एखाद्या ओढ्यांतून सेकंदास एक घनमीटर पाणी वाहत आहे आणि त्याच्या दर लिटरांत फक्त एक ग्रॅम माती आहे असें धरूं. हें पाणी फार गढूळ म्हणतां येणार नाहीं. तरी तो ओढा तासाला ३.६ टन आणि अहोरात्रांत ८६ टनांहून अधिक माती नेतो. म्हणजे तीन टनांची एक याप्रमाणें भरलेल्या ट्रॅक्टरच्या अठ्ठावीस-एकोणतीस ट्रॉल्या एका दिवसांत शिवाराबाहेर गेल्या. कोणी शेजाऱ्यानें एक ट्रॉली माती नेली तर आपण चावडीवर जाऊं. ओढा नेतो तेव्हां आपण पाणी आलें म्हणतों. एक एकर जमिनीवरून मातीचा एक मिलिमीटर थर गेला तर तो सुमारें पांच टनांचा भरतो. एक मिलिमीटर डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु बोटभर माती घडण्यास शेंकडों वर्षें लागतात, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे न दिसणाऱ्या तोट्याची किंमत कळेल.

शिवाय जी जाते ती उरलेल्या मातीहून अधिक कसदार असते. पाणी निवड करून नेतें. तें खडे मागें ठेवतें आणि पोयटा, चिकणमाती व कुजलेला पालापाचोळा घेऊन जातें. आणि स्फुरद व इतर पोषक द्रव्यें याच बारीक कणांस चिकटलेलीं असतात. दरवर्षी खताच्या पिशव्या वाढवूनही पीक जेथल्या तेथें राहतें, अशी जी तक्रार उताराच्या जमिनी असलेले शेतकरी करतात, तिचें एक कारण येथें सांपडतें.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारांत घेणें योग्य आहे. कोणी म्हणतील कीं, गाळ म्हणजे तोटाच असें कसें म्हणावें? मावळांतील भातखाचरें तरी कशाचीं झालीं आहेत? आपल्या पूर्वजांनीं ओहळांस आडवे दगडी ताल घातले, त्यांमागें वरून येणारी माती साठूं दिली आणि त्या मातीवर पिढ्यान् पिढ्या भात पिकविला. नदीकाठची मळईची जमीन सर्वांत मोलाची ती गाळामुळेंच. ईजिप्तांतील नील नदीचा गाळ तर तेथील शेतीचा आधार होता, आणि १९७० सालीं आस्वानचें उंच धरण पुरें झाल्यावर तो खालच्या शेतांस मिळेनासा झाला. हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु या उदाहरणांतून जें निघतें तें आमच्याच बाजूचें आहे. खाचर झालें तें गाळ वाहूं दिल्यामुळें झालें नाहीं, तो अडविल्यामुळें झालें. आपल्या पूर्वजांनीं ताल घातला तो ओढ्याच्या शेंड्याशीं, जेथें माती अजून थोडकी व पाणी अजून आवरतें होतें तेथें. गाळाचें मोल तो कोठें थांबतो यावर आहे. खाचरांत थांबला तर तो पोयटा. विहिरींत, डोहांत अगर धरणांत थांबला तर तो कचरा. आणि रोपांच्या पोंग्यांवर बसला तर तो काळ होय.

दुसरें असें कीं, आज येणारा सर्वच गाळ पूर्वीचा नव्हे. औंढ्याच्या शिवारालगतून जाणारा मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला. लोणावळ्याभोंवतालच्या भागांत त्या सुमारापासून बंगले, विश्रामगृहें व रस्ते यांसाठीं उतार फोडण्याचीं कामें पुष्कळ वाढलीं. कोणास घर बांधूं नका असें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं व इच्छाही नाहीं. परंतु डोंगर कापून निघालेला मुरूम व राडारोडा ओढ्याच्या काठावर रचून ठेवला जातो आणि पहिला पूर तो आपोआप घेऊन जातो, ही रीत आम्हांस अन्यायाची वाटते. तो मुरूम खाचरांत पोयटा म्हणून येत नाहीं. तो खालच्या शेतकऱ्याचें खाचर बुजवितो, बांध फोडतो, ओढ्याचें पात्र उथळ करतो आणि पुढच्या पुरास शेतांत शिरण्याची वाट करून देतो. पहिल्या पुराबरोबर वर चढणाऱ्या वळगणीच्या माशांचीं अंडींही अशा गाळाखालीं गुदमरतात. ज्यानें माती उकरली त्यानें ती सांभाळावी, हा साधा न्याय होय. ग्रामपंचायतीनें उतारावरील खोदकामास संमती देतांना उकरलेला माल कोठें ठेवणार, त्याभोंवतीं दगडी आड घातली आहे कीं नाहीं, आणि तो मृगापूर्वीं हलविला जाईल कीं नाहीं, हे तीन प्रश्न लेखी विचारावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

सरकारनें गाळाकडे दुर्लक्ष केलें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. १९४२ सालीं मुंबई प्रांतांत जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि बांधबंदिस्तीच्या कामांस त्याचा आधार मिळाला. २०१७ सालीं राज्य सरकारनें गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू केली. तींत धरणांतला गाळ काढून शेतकऱ्यांनीं शेतांत नेऊन घालावा असा हेतु आहे. हेतु चांगला आहे. याहून पुष्कळ आधीं, १८८३ सालीं, महात्मा जोतीराव फुले यांनीं शेतकऱ्याचा असूड या ग्रंथांत दोन सूचना केल्या होत्या. एक अशी कीं, नदीनाल्यांतला व तलावांतला गाळ शेतकऱ्यांस फुकट नेऊं द्यावा. दुसरी अशी कीं, लष्करांतील व पोलिसांतील जास्त शिपायांकडून जागोजागीं ताली व बंधारे अशा रीतीनें घालवून घ्यावे कीं, पावसाचें पाणी शेतांत मुरून मग ओढ्यास मिळावें. या दोन सूचनांपैकीं पहिली आपण बऱ्याच उशिरानें कां होईना उचलली. दुसरी मात्र अर्धवट राहिली. आणि आमच्या मतें दुसरीच मुख्य होय. वर बांध नसतां खालीं गाळ काढीत राहणें म्हणजे फुटक्या घागरीखालीं परात धरण्यासारखें आहे. खालून वर गाळ नेण्यास डिझेल लागतें, यंत्र लागतें व पैसा लागतो. वरचा गाळ वर ठेवण्यास पुष्कळ ठिकाणीं दगड, गवत आणि वेळेवर केलेले श्रम पुरतात.

ओढे सरळ व खोल करण्याचा जो प्रघात पडत चालला आहे त्याविषयींही आम्हांस शंका आहे. वळणें काढून टाकलीं म्हणजे पाण्याची वाट आंखूड होते, तेवढ्याच उंचीवरून तें कमी अंतरांत उतरतें, आणि म्हणून त्याचा वेग वाढतो. वेग वाढला कीं तें तळ व काठ खाऊं लागतें. काठची करंज, उंबर, जांभूळ व निरगुडी काढून टाकली म्हणजे काठ धरून ठेवणारीं मुळें गेलीं. मग ज्या ओढ्याचा गाळ काढला तोच ओढा पुढच्या वर्षी अधिक गाळ तयार करतो. जेथें पात्र खरोखर मुरमानें बुजलें आहे तेथें तें मोकळें करावें. परंतु वळण, डोह आणि झाडें यांस हात लावूं नये.

मग करावें काय? आम्ही मोठ्या खर्चाची कोणतीही योजना सुचवीत नाहीं. पहिलें काम चिखलणीच्या वेळचें आहे. चिखलणी केल्याबरोबर खाचराचें तोंड मोकळें करून गढूळ पाणी खालीं सोडण्याची जी संवय कांहीं ठिकाणीं आहे ती मोडली पाहिजे. वर दिलेल्या आंकड्यांवरून असें दिसेल कीं, दहा सेंटिमीटर स्थिर पाण्यांतून ०.०२ मिलिमीटरांचा पोयटा पांच मिनिटांत तळास लागतो आणि ०.००२ मिलिमीटरांचा कण सुमारें आठ तासांत. म्हणजे संध्याकाळीं चिखलणी करून पाणी रात्रभर स्वस्थ ठेवलें आणि जास्तीचें वरचें निवळ पाणी सकाळीं सोडलें, तर पोयटा जवळजवळ सर्व आणि चिकणमातीचाही मोठा भाग आपल्याच खाचरांत राहील. वाऱ्यानें व पावसाच्या थेंबांनीं थोडी खळबळ होईल हें खरें; तरीही रात्रभराचा लाभ लहान नाहीं. यास पैसा लागत नाहीं, फक्त बांध धड असावा लागतो व सांडव्याच्या तोंडाशीं चार सपाट दगड असावे लागतात.

दुसरें काम माळावरचें आहे. उताराला आडवे, समपातळींतले चर व दगडी बांध घालावे आणि बांधांवर वाळा किंवा बांबू लावावा. पाण्याचा वेग कमी होतो तेथें तें माती टाकतें; चर व बांध हें काम ओढ्याच्या उगमाशींच करतात. राब भाजावयाचा तर तो सपाट तुकड्यावर भाजावा, उभ्या उतारावर नको. आणि राबासाठीं डोंगरावरील झाडांचे टाहळ तोडतांना झाड निःशेष बोडकें करूं नये. तिसरें काम काठांचें. ओढ्याच्या दोन्ही अंगांस कांहीं पावलें रुंदीची पट्टी न नांगरतां गवताखालीं ठेवावी. त्या पट्टींतलें गवत गुरांस मिळेल आणि शेतांतून येणारें पाणी त्यांतून गाळून ओढ्यास मिळेल.

येथें एक न्यायाचा प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. वरचा शेतकरी बांध घालील त्याचा फायदा त्यास होतोच. परंतु खालच्या गांवांस, शहरांस व धरणांस होणारा फायदा कदाचित् त्याहून मोठा असतो. भारतांतील जमिनीच्या धुपीसंबंधीं १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणें देशांतून वर्षास सुमारें ५३३ कोटी टन, म्हणजे दर हेक्टरीं सरासरी १६ टनांहून अधिक माती जागेवरून हलते. तिच्यापैकीं सुमारें २९ टक्के समुद्रास मिळते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली ६१ टक्के एका जागेवरून दुसऱ्या जागीं जाऊन पडते. धरणांत बसणारा दहावा हिस्सा म्हणजे साठवणुकीची कायमची घट. ती घट वाचविणारा माणूस जर औंढ्याच्या उतारावर कुदळ घेऊन उभा असेल, तर त्या कुदळीची मजुरी त्या एकट्यानेंच सोसावी हें न्याय्य नाहीं. धरणाचा गाळ काढण्यास जसा सार्वजनिक पैसा मिळतो तसाच तो वरच्या खोऱ्यांतील बांध व चर यांस, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या दरसालच्या डागडुजीस, मिळाला पाहिजे. नवा बांध बांधण्याचा समारंभ होतो. जुना बांध दुरुस्त करण्यास कोणी येत नाहीं.

असे प्रयत्न निष्फळ होतात असें कोणी समजूं नये. चीनमधील ह्वांग हो नदी गाळाकरितां जगांत प्रसिद्ध आहे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ती दरसाल सुमारें १६० कोटी टन गाळ वाहून नेत असे. आतां तो त्याच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी झाला आहे. त्यांत मोठ्या धरणांचा व घटलेल्या पाण्याचा वांटा आहेच; परंतु वरच्या पठारावर ओघळींत घातलेले बंधारे, पायऱ्यांचीं शेतें आणि लावलेलें गवत व झाडें यांचाही वांटा मोठा आहे. जें एवढ्या मोठ्या नदीच्या खोऱ्यांत घडलें तें आपल्या ओढ्यांवर घडूं नये असें कांहीं कारण नाहीं.

शेवटीं आमची एक विनंती आहे. ज्या गोष्टीचें माप नाहीं तिची काळजी कोणी घेत नाहीं. मोठ्या नद्यांवर सरकारी खात्याचे लोक बाटल्यांत पाणी भरून गाळाचें वजन करतात आणि कणांचे जाड, मध्यम व बारीक असे वर्ग पाडतात. ०.२ मिलिमीटरांहून मोठा तो जाड, ०.०७५ हून लहान तो बारीक. लहान ओढ्यांचें असें माप कोणी घेत नाहीं. तें गांवानें घ्यावें. एकाच आकाराच्या कांचेच्या बाटल्या घ्याव्या. ओढा आपल्या शिवारांत शिरतो तेथें एक आणि बाहेर पडतो तेथें एक, अशा दोन ठिकाणीं, मध्यम खोलीवर, पूर चढत असतांना पाणी भरावें. काठावर दोर बांधून, सांवधपणें, पुरांत न उतरतां. बाटलीवर तारीख व वेळ लिहून ती आठवडाभर निवळत ठेवावी आणि तळाशीं किती गाळ बसला तें पट्टीनें मोजावें. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा गाळ आंत येणाऱ्याहून अधिक भरला तर तो वाढावा आपल्या शिवाराचा आहे, हें शाळेंतलें मूलही सांगूं शकेल. गांवच्या शाळेनें हें काम हातीं घेतलें तर उत्तम. वडगांव मावळच्या कृषि संशोधन केंद्रानें १९८७ सालीं जें भाताचें वाण प्रसृत केलें त्यास याच नदीचें, इंद्रायणीचें, नांव दिलें आहे. त्या भाताची चव ज्या मातीवर उभी आहे ती माती मोजण्यास एक बाटली पुरते.

आमच्या मंडळाच्या सभासदांस आम्ही एवढेंच सुचवितों कीं, येत्या वैशाखांत प्रत्येक गांवांत बांध व सांडवे यांची एकदां पाहणी व्हावी, फुटलेल्या बांधांची यादी ग्रामपंचायतीपुढें ठेवावी आणि मृगापूर्वीं निदान ओढ्याच्या शेंड्याकडचे बांध पुरे करावे. पाणी वाहणारच, वाहणें हा त्याचा धर्म आहे. माती राखणें हा आपला आहे.